पाच गोलांचा स्ट्रायकर: शिंजी ओकाझाकीची कारकीर्द वाचायची कशी?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०१५-१६ चा गुणतक्ता आजही समोर आला की माझ्या अंगावर काटा येतो. सगळ्यात वर लेस्टर सिटी, ८१ गुण. दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्सेनलपेक्षा १० जास्त. आदल्या मोसमात हा संघ खालच्या विभागात घसरता घसरता वाचला होता आणि त्याच्या विजेतेपदाला सट्टेबाजांनी एकास पाच हजार असा भाव लावला होता.

या संघाचे गोल कोणी केले? जेमी वार्डीने २४, रियाद महरेझने १७. आणि वार्डीच्या जोडीला आघाडीवर खेळणारा, लीगच्या ३८ पैकी ३६ सामन्यांत मैदानात उतरलेला जपानी स्ट्रायकर शिंजी ओकाझाकी? त्याचे ५.

स्ट्रायकरचं काम गोल करणं असेल, तर ५ गोलांवर कुणाची जागा टिकते कशी? तीही विजेत्या संघात? आता दुसरा आकडा बघा. हाच ओकाझाकी जपानकडून ११९ सामने खेळला आणि त्याने ५० गोल केले. जपानच्या पुरुष संघाकडून त्याच्याहून जास्त गोल फक्त दोघांचे आहेत, कुनिशिगे कामामोतो ७५ आणि काझुयोशी मिउरा ५५. म्हणजे माणसाला गोल करता येत नव्हते असंही नाही. या दोन आकड्यांचा मेळ कसा बसतो ते समजलं, की आधुनिक फुटबॉलमधला स्ट्रायकर हा प्रकार बराचसा समजतो.

सुरुवात घरापासून करू. ओकाझाकीचा जन्म १६ एप्रिल १९८६ चा, ह्योगो प्रांतातल्या ताकाराझुका गावचा. उंची १७४ सेंटीमीटर, म्हणजे युरोपातल्या आडदांड बचावपटूंसमोर स्ट्रायकर म्हणून लहानच. पायात वेगही फार नव्हता. एक गोष्ट मात्र लहानपणापासून अंगात मुरलेली, ती म्हणजे खाली येणाऱ्या चेंडूवर झेपावून डोक्याने मारणं. दुसरा मुलगा जिथे पाय घालील तिथे हा डोकं घालायचा. 'आयुष्यभर डायव्हिंग हेडर' हे त्याचं ब्रीदवाक्यच झालं.

जपानमध्ये व्यावसायिक खेळाडू घडण्याचे दोन मोठे रस्ते आहेत. एक क्लबच्या युवा संघांतून जातो, दुसरा शाळेतून. तिथली आंतरशालेय राष्ट्रीय स्पर्धा ऐन हिवाळ्यात, नव्या वर्षाच्या सुट्टीत रंगते. टीव्हीवर दिसते आणि लोक ती मनापासून बघतात. ओकाझाकी शाळेच्या रस्त्याने आला. कोबेच्या ताकिगावा दाइनी शाळेतून २००५ मध्ये तो शिझुओका प्रांतातल्या शिमिझु एस-पल्स या क्लबात दाखल झाला. तेव्हा क्लबात आठ फॉरवर्ड होते आणि हा पसंतीच्या यादीत आठवा होता.

आठव्या क्रमांकावरून वर यायचं तर काहीतरी वेगळं करून दाखवावं लागतं. त्याने पळणं शिकायला घेतलं. ऑलिम्पिकमध्ये धावलेले एक जुने धावपटू क्लबात प्रशिक्षक होते. पाऊल कुठे पडलं पाहिजे, शरीराचा कल कसा हवा, पहिली तीन-चार पावलं कशी टाकायची, हे तो त्यांच्याकडून शिकला. व्यावसायिक झाल्यावर धावण्याची बाराखडी पुन्हा गिरवायला बसलेला हा मुलगा मला त्याच्या नंतरच्या सगळ्या गोलांइतकाच भावतो. पुढे जे काही झालं त्याची मुळं इथे आहेत, कारण त्याचा सगळा खेळ पहिल्या चार पावलांचा आहे.

इथे थोडं थांबून जपानी स्ट्रायकरची अडचण समजून घेऊ. जे-लीग, म्हणजे जपानची व्यावसायिक लीग, सुरू झाली १९९३ मध्ये. तिथल्या क्लबांनी मधल्या फळीसाठी जपानी पोरं घडवली. नाकामुरा, नाकाता, कागावा ही नावं त्यातूनच आली. पण गोल करण्याची जबाबदारी अनेक क्लबांनी ब्राझीलहून आणलेल्या आघाडीपटूंवर टाकली. जपानी फॉरवर्डला मग बाजूला, विंगवर सरकावं लागायचं. त्यामुळे दोन-तीन जागांवर खेळता येणं ही त्याच्यासाठी हौस नव्हती, पोटापाण्याची गरज होती. ओकाझाकीही ते शिकला आणि पुढे युरोपात या सवयीने त्याला तारलंही आणि अडकवलंही.

राष्ट्रीय संघात तो ऑक्टोबर २००८ मध्ये आला आणि पुढचं वर्ष त्याने अक्षरशः गाजवलं. ऑक्टोबर २००९ मध्ये हाँगकाँग आणि टोगोविरुद्ध आठवड्याभरात दोन हॅटट्रिक केल्या. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याचे १५ गोल झाले आणि फुटबॉलच्या आकडेवारीचा हिशेब ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला वर्षातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरवलं. यात येमेन, हाँगकाँग असे कमकुवत प्रतिस्पर्धी होते हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण एक गोल असा आहे जो मी कुणालाही दाखवायला तयार असतो.

६ जून २००९, ताश्कंद. विश्वचषक पात्रता फेरी, समोर उझबेकिस्तान. जिंकलं तर २०१० च्या विश्वचषकाचं तिकीट पक्कं. सामन्याच्या नवव्या मिनिटाला केंगो नाकामुरा मागून बचावफळीच्या पलीकडे चेंडू टाकतो. ओकाझाकी त्यावर आधीच निघालेला असतो. डाव्या पायाने मारतो, गोलरक्षक अडवतो. बहुतेक स्ट्रायकर इथे डोक्याला हात लावतात. हा थांबतच नाही. उडालेला चेंडू खाली येईपर्यंत तो झेपावून डोक्याने आत ढकलून मोकळा होतो. सामना १-० ने संपला आणि जपान विश्वचषकाला गेला.

त्या गोलात त्याची सगळी गुणवत्ता दिसते. पहिली गोष्ट, पास येण्याच्या आधी सुटणं. दुसरी, पहिला फटका फसणार असं धरूनच दुसऱ्याची तयारी ठेवणं. क्रिकेटमध्ये चांगला क्षेत्ररक्षक फलंदाज चेंडू मारण्याआधीच त्या दिशेला झुकलेला असतो, तसंच हे. पाहणाऱ्याला नशीब वाटतं, कारण चेंडू नेमका त्याच्याकडेच आलेला दिसतो. खरं तर तो दहा वेळा तिथे गेलेला असतो आणि त्यातल्या एकदा चेंडू येतो.

दक्षिण आफ्रिकेत मात्र विश्वचषकाच्या तोंडावर प्रशिक्षक ताकेशी ओकादांनी बेत बदलला. मधल्या फळीतल्या केइसुके होंडाला एकट्याला पुढे ठेवलं आणि ओकाझाकी बाकावर गेला. वर्षभर गोलांचा पाऊस पाडणाऱ्या खेळाडूला हे किती लागलं असेल! तरी डेन्मार्कविरुद्ध शेवटच्या मिनिटांत उतरून त्याने जपानचा तिसरा गोल केला. होंडा बचावपटूला चुकवून आत शिरला, स्वतः मारता आला असता तरी त्याने चेंडू बाजूला दिला आणि ओकाझाकी नेमका तिथे होता. जपान ३-१ ने जिंकून पुढच्या फेरीत गेला. नंतर जानेवारी २०११ मध्ये कतारमधल्या आशियाई चषकात त्याने सौदी अरेबियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि जपानने तो चषक जिंकला. तेव्हाच्या रचनेत तो मधोमध नव्हे, तर बाजूने खेळायचा आणि तिरका आत घुसायचा. बचावपटूचं लक्ष मधल्या स्ट्रायकरवर असताना बाजूने येणारा माणूस त्याच्या नजरेच्या कडेला राहतो. ओकाझाकीचे कितीतरी गोल त्या कडेतूनच आले आहेत.

त्याच महिन्यात तो जर्मनीच्या व्हीएफबी श्टुटगार्टला गेला आणि त्या बदलीवरून वाद झाला. आपल्याला बाहेरून साधी वाटणारी ही बदली समजून घेण्यासारखी आहे. जपानचा मोसम तेव्हा वसंतात सुरू होऊन डिसेंबरच्या आसपास संपायचा. युरोपचा ऑगस्ट ते मे. त्यामुळे जपानी खेळाडूचा करार जानेवारीत संपायचा तेव्हा युरोपात मोसम अर्धा झालेला असायचा आणि खेळाडू नोंदवायची मुदत जानेवारीच्याच अखेरीला संपायची. एकीकडे जुना करार त्या तारखेपर्यंत चालू, दुसरीकडे नवी नोंदणी त्याच तारखेच्या आत व्हायला हवी. शिमिझुने हरकत घेतली, प्रकरण फिफाकडे गेलं आणि ओकाझाकीला तात्पुरती परवानगी मिळाली. जे-लीगने पुढे २०२६-२७ पासून युरोपसारखा उन्हाळ्याच्या अखेरीस मोसम सुरू करायचं ठरवलं, त्यामागे वेळापत्रकाची ही ओढाताण हेही एक कारण आहे.

श्टुटगार्टमध्ये ओकाझाकीला विंगवर ठेवलं. पळतो भरपूर, मागे येऊन बचाव करतो, मग ठेवा कडेला. २०१२-१३ च्या मोसमात लीगमध्ये त्याचा एकच गोल झाला. २०१३ मध्ये जर्मनीतल्याच माइन्झ क्लबाने त्याला घेतलं. तिथे प्रशिक्षक होते थॉमस टुखेल. त्यांनी त्याला गोलसमोर, मधोमध उभं केलं. पुढच्या मोसमात किती गोल झाले? १५. बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगच्या, एका मोसमात तोवर कुठल्याही जपानी खेळाडूने इतके गोल केले नव्हते. त्याच्या पुढच्या मोसमात १२. खेळाडू तोच, देश तोच, लीग तीच. बदलली ती जागा. गोलपासून चाळीस पावलं लांब, रेषेला चिकटून उभा राहणारा माणूस आणि पेनल्टी क्षेत्रात उभा राहणारा माणूस यांच्या गोलांची तुलना करणं म्हणजे सलामीच्या फलंदाजाची आणि शेवटच्या पाच षटकांत येणाऱ्याची धावगती एकाच तराजूत तोलणं.

आता लेस्टरकडे येऊ, कारण कोडं तिथलंच आहे.

२०१५ च्या जूनमध्ये त्याला क्लबात घेतलं नायजेल पीअर्सन यांनी. महिना संपायच्या आत त्यांचीच नोकरी गेली आणि क्लाउदिओ रानिएरी आले. रानिएरींनी संघ जुन्या पद्धतीने मांडला, मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. त्या काळात मोठे संघ मधल्या फळीत तीन माणसं ठेवायचे. मध्ये तुमचे दोन आणि त्यांचे तीन, म्हणजे त्यांचा एक माणूस कायम मोकळा. तो मोकळा माणूस चेंडू घेतो, वळतो, पुढे पास देतो आणि तुमचा संघ नुसता सावल्यांच्या मागे पळत राहतो. ही मांडणी मागे पडली होती ती मुख्यतः यामुळे.

ओकाझाकीचं काम होतं हा मोकळा माणूस मोकळा राहू न देणं. कागदावर तो स्ट्रायकर. पण प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू गेला की तो दहा-पंधरा पावलं मागे येऊन त्या तिसऱ्या माणसाला चिकटायचा. मध्ये एनगोलो कांते आणि डॅनी ड्रिंकवॉटर दोघेच होते, तरी समोरच्याला तीन माणसं दिसायची. आणि चेंडू परत मागे बचावपटूकडे गेला, की हा त्याच्या अंगावर धावून जायचा.

या धावून जाण्यातही कसब आहे. नवखा खेळाडू सरळ धावतो, बचावपटू शांतपणे त्याच्या बाजूने पास देतो, संपलं. ओकाझाकी कमानीसारखा वळसा घेऊन जायचा. चेंडू असलेला बचावपटू आणि त्याचा मधला साथीदार यांना जोडणारी रेघ मनात ओढा. ती रेघ आपल्या पाठीमागे राहील अशा वाटेने तो पुढे सरकायचा. त्यामुळे एकाच धावेत दोन कामं व्हायची, समोरच्यावर दबाव यायचा आणि मागच्याकडे जाणारा पास बंद व्हायचा. बचावपटूला उरायची फक्त एक बाजू, आणि त्या बाजूला लेस्टरचे लोक वाट बघत असायचे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला एकजण मधून हुसकावत कोपऱ्याकडे ढकलतो आणि कोपऱ्यातला त्याचा पाय धरतो. नाव होतं पाय धरणाऱ्याचं. हुसकावणारा नसता तर तो पाय तिथे आलाच नसता.

चेंडू हिसकावला की पुढचं सगळं झपाट्याने व्हायचं. ड्रिंकवॉटर लांब पास टाकायचा, वार्डी बचावफळीच्या मागे सुसाट. तेव्हा ओकाझाकी काय करत असायचा? वार्डीच्या विरुद्ध दिशेला पळायचा. चेंडू आपल्याकडे येणार नाही हे पक्कं माहीत असतानाही. दोन मध्य बचावपटूंपैकी एकाला त्याच्यामागे जावंच लागायचं आणि वार्डीसमोर एकच उरायचा. वार्डीने त्या मोसमात सलग ११ लीग सामन्यांत गोल करून विक्रम केला. त्या गोलांच्या फिती पुन्हा बघाल तेव्हा एकदा वार्डीवरून नजर काढा आणि पडद्याच्या दुसऱ्या कडेला बघा. मी हे केलं तेव्हा मला सामने नव्याने दिसले.

इतकं पळणाऱ्या माणसाची ताकद नव्वद मिनिटं पुरत नाही. म्हणून रानिएरी त्याला बऱ्याचदा दुसऱ्या अर्धात बाहेर बोलवायचे आणि उंचापुरा लिओनार्दो उयोआ आत जायचा. तक्त्यात हे 'बदली करण्यात आला' असं दिसतं, जणू खेळ जमला नाही. वास्तवात प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीला दमवून त्याने आपल्या वाटणीचं काम पुरं केलेलं असायचं. नव्या चेंडूची चकाकी घालवून परतणाऱ्या सलामीवीराच्या खात्यात तीसच धावा असतात, पण मागच्यांना त्या किती मोलाच्या होत्या हे संघालाच ठाऊक असतं.

आणि तरीही गोलाची भूक गेली नव्हती. १४ मार्च २०१६, घरच्या मैदानावर समोर न्यूकॅसल. राफा बेनिटेझ न्यूकॅसलची सूत्रं हाती घेऊन पहिल्यांदाच संघासोबत आलेले. २५ व्या मिनिटाला वार्डीने डोक्याने वळवलेला चेंडू ओकाझाकीच्या जवळ हवेत येतो. पाठ गोलकडे. वळायला वेळ नाही, खाली घ्यायला जागा नाही. तो हवेत पालथा होतो आणि डोक्यावरून लाथ हाणतो. चेंडू जाळ्यात. सामना १-० ने संपला आणि लेस्टरची आघाडी पाच गुणांची झाली. पाच गोलांमधला हा एक गोल नेमके तीन गुण देऊन गेला. पुढे २ मे रोजी टॉटनहॅमने चेल्सीशी २-२ अशी बरोबरी केली आणि लेस्टरचं विजेतेपद ठरलं.

लेस्टरकडून चार मोसमांत प्रीमियर लीगमध्ये त्याचे ११४ सामने आणि १४ गोल झाले. इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी, ती म्हणजे ओकाझाकीला हे काम पूर्णपणे रुचलं नव्हतं. आपण स्ट्रायकर आहोत, आपल्याला गोल करायचे आहेत, हे तो पुन्हा पुन्हा बोलून दाखवायचा. संघासाठी झिजणारा निःस्वार्थी जपानी खेळाडू, असं एक गोंडस चित्र त्याच्याभोवती रंगवलं गेलं. मला ते अर्धवट वाटतं. तो झिजला हे खरंच आहे, पण आतून हवी असलेली गोष्ट बाजूला ठेवून झिजला. त्याचं मोल त्यामुळे माझ्या लेखी वाढतं.

ती इच्छा त्याला २०१९ मध्ये स्पेनला घेऊन गेली आणि तिथे आधी भलताच अडथळा आला. मालागा क्लबाने त्याच्याशी करार केला, पण त्याची नोंदणीच होऊ शकली नाही. स्पॅनिश लीग प्रत्येक क्लबाला त्याच्या उत्पन्नाच्या हिशेबाने खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा आखून देते. ती ओलांडली की करारावर सही असूनही खेळाडूचं नाव यादीत चढत नाही. लग्नाची तारीख ठरली, पण नोंदणी कार्यालयाने अर्ज परत केला, असा प्रकार. सप्टेंबरच्या सुरुवातीला करार रद्द झाला आणि एकही लीग सामना न खेळता तो बाहेर पडला. लगोलग दुसऱ्या विभागातल्या वेस्का क्लबाने त्याला घेतलं. ३३ वर्षांचा ओकाझाकी पुन्हा मधोमध, गोलसमोर उभा राहिला. त्या मोसमात लीगमध्ये त्याचे १२ गोल झाले आणि वेस्काने दुसऱ्या विभागाचं विजेतेपद मिळवून वरच्या विभागात पाऊल ठेवलं. माइन्झमध्ये १५ आणि १२, वेस्कात १२, लेस्टरमध्ये पहिल्या वर्षी ५. हे आकडे शेजारी ठेवले की कोडं सुटतं. कुठे त्याला गोल करायला ठेवलं होतं आणि कुठे गोल घडवून आणायला, हे त्यात लख्ख दिसतं.

नंतर स्पेनचाच कार्ताहेना, मग बेल्जियमचा सिंट-ट्रुइडन. तोवर गुडघे थकले होते. इतकी वर्षं दर सामन्यात थांबणं-सुटणं, वळणं, झेपावणं यांचा भार शेवटी सांध्यांवरच येतो. मे २०२४ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी तो सिंट-ट्रुइडनकडून शेवटचा सामना खेळला.

पण त्याने आणखी एक गोष्ट आधीच करून ठेवली होती. माइन्झमध्ये असताना, २०१४ मध्ये, त्याने तिथे बासारा माइन्झ नावाचा एक छोटा क्लब उभा करायला हातभार लावला. जर्मनीतल्या फुटबॉलच्या अगदी तळाच्या विभागातून तो सुरू झाला आणि एकेक पायरी चढत वर आला. युरोपात नशीब आजमावायला येणाऱ्या जपानी पोरांना तिथे खेळायला मैदान मिळतं आणि भाषा शिकायला, रुळायला वेळ मिळतो. निवृत्तीनंतर ओकाझाकी जपानला परतून समालोचकाच्या खुर्चीत बसला नाही. तो माइन्झला गेला आणि त्या क्लबाचा प्रशिक्षक झाला.